विनिताचं दुखणं आणि सरूबाईच्या चपला

चारकोपच्या मासळी बाजारात नळाशेजारचा ओटा सरूबाईचा. त्यावर आता तिची सून विनिता बसते, पण गिऱ्हाईक अजून "सरूबाईकडे बोंबील आलेत का?" असंच विचारतं. ओटा सासूकडून सुनेकडे येतो तसं नावही येतं, आणि नावाबरोबर ताकदही यावी असं सगळे धरून चालतात. सरूबाईनं उमेदीच्या काळात बर्फासकट भरलेली पाटी कुणाचा हात न लागता डोक्यावर चढवलेली बाजारानं पाहिली आहे. सत्तरी ओलांडली तरी कोलंबीचा टब ती अजून एका हातानं सरकवते.

विनिताला मात्र कोयत्याची मूठ आवळली तरी कळ जायची. मनगटातून कोपरात, तिथून मानेत, मानेतून पाठ, कंबर, टाचा. आज इथं तर उद्या तिथं. सकाळी उठताना वाटायचं की रात्रभर कुणीतरी अंगावरून वरवंटा फिरवलाय. झोप व्हायची, पण विसावा नाही. आणि बाहेरून पाहावं तर बाई धडधाकट. गाल भरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोली. सूज नाही, जखम नाही, ताप नाही. रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले, मोठ्या यंत्रात घालून झालं. प्रत्येक वेळी सगळं चांगलं निघालं आणि प्रत्येक वेळी विनिताची मान आणखी खाली गेली. तपासणीत काही खोट नाही, म्हणजे खोट आपल्यातच, असं तिला वाटायला लागलं होतं.

शेजारच्या ओट्यावरची सुलक्षणा तोंडानं फटकळ. सोमवारी म्हावऱ्याला गिऱ्हाईक नसतं, बाजार ओस पडलेला असतो. अशाच एका सोमवारी विनिता जरा मोकळी हसली, तर सुलक्षणा म्हणाली, "विनी, तुझं दुखणं पण सोमवार पाळतं काय गं? आज दिसत नाही कुठं."

बायका हसल्या. विनिताही हसली. घरी येऊन मोरीत पाय धुताना ती रडली, तेही नळ मोठा सोडून.

नवरा, हरेश्वर, मनोरीच्या खाडीत होडी घेऊन जायचा. बोलणं कमी. "जमत नसेल तर राहू दे" एवढंच म्हणायचा. त्या 'जमत नसेल तर'मध्ये काय आहे ते विनिताला बरोबर ऐकू यायचं.

आणि सरूबाई. ती विनिताची सासू तर होतीच, पण त्याआधी सख्खी आत्या. भावाची पोर हट्टानं घरात आणलेली. त्यामुळे ती टाकून कधी बोलली नाही. फक्त विनितानं टब उचलायला वेळ लावला की स्वतः उठून उचलायची. तेवढं पुरायचं.

देवीचं झालं ते असं.

चैत्रात गावदेवीची पालखी निघते. घरच्या सुना नऊवारी नेसून, डोक्यावर कलश घेऊन पुढे चालतात. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी विनिताचं अंग पहाटेपासूनच ठणकत होतं. पण सरूबाईच्या सुनेनं कलश घ्यायचा नाही, हे बोलायचं कुणाच्या तोंडानं? तिनं घेतला. देवळाच्या चौकात ढोल वाजायला लागले, आवाज हाडांत शिरला आणि मानेपासून खाली सगळं अंग थरथरायला लागलं. कलश कुणीतरी वरच्यावर धरला. विनिता खाली बसली, अंबाडा सुटला, तोंडातून कण्हणं बाहेर पडलं, ते थांबेना.

"आई आली, आई आली," बायका म्हणाल्या.

कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी नारळ. बसायला पाट आला, पाठीला उशी आली. गर्दीतून सरूबाई पुढे आली आणि जिनं आजवर विनिताला कधी कण्हताना ऐकलं नव्हतं तिनं खाली वाकून विनिताचे पाय धरले.

"आई, बोल. काय पाहिजे तुला?"

"बसू द्या मला," विनिता म्हणाली.

सगळ्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला ऊठ म्हटलं नाही.

त्या दिवशी काय आलं होतं, हे विनिताला आजही सांगता यायचं नाही. देवी आली असेल, दुखणं आलं असेल. त्या दिवसाची तिला लाज नव्हती. लाज होती पुढच्या पुनवेची. त्या दिवशी पाठ धरली होती, टेम्पोतून म्हावऱ्याचे डबे उतरवायचे होते, आणि सरूबाईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहून हळूच विचारलं, "आई आली काय गो?" विनिता नाही म्हणाली नाही. मान जरा सैल सोडली. बाकीचं बघणाऱ्यांनी केलं. मग दर पुनवेला बायका ओटी घेऊन यायला लागल्या, आणि जेव्हा अगदी सहन होईना तेव्हा तिनं मान सैल सोडली. दुखणं खरं होतं, कण्हणं खरं होतं. ज्या नावाखाली ती पडून राहायची तेवढं खोटं होतं. दुखतंय म्हणून निजलं की आळशी. देवी आली म्हणून निजलं की उशाशी दिवा लागायचा.

अशाच एका वेळी सरूबाईनं पाटाजवळ बसून विचारलं, "आई, या पोरीला तू इतकी हलवतेस. माझी सेवा कुठं कमी पडते काय? काय सोडू सांग. पायातलं सोडू?"

विनिताला फक्त एवढंच हवं होतं की कुणी बोलू नये, कुणी हात लावू नये. ती म्हणाली, "हूं."

त्या 'हूं'चा अर्थ संध्याकाळी कळला. सरूबाईनं चपला उचलून माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून ती अनवाणी. बाजारात खाली बर्फाचं पाणी, खवले, काटे; बाहेर मे महिन्यातला डांबरी रस्ता. तिच्या टाचांना भेगा पडल्या, भेगांत काळं साचलं. विनिता रोज ते पाय बघायची. देवळात गेली तर दिवा लावून खालमानेनं परत यायची. देवीच्या शेंदरी तोंडाकडे, त्या चांदीच्या डोळ्यांकडे बघायचं तिनं बंद केलं होतं.

विनिताची मुलगी समीक्षा मालाडला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आईचं देवीचं प्रकरण तिला पटत नव्हतं, पण आजीपुढं ती बोलायची नाही. तिनं खटपट करून आईला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिकठिकाणी दाबून पाहिलं, खूप वेळ विचारलं आणि आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. अंगात कुठं मोडतोड नसते, पण दुखणं खरं असतं, दुखण्याची खबर मेंदूपर्यंत नेणारी व्यवस्थाच बिनसलेली असते, असं त्यांनी समजावलं. विनिता बाहेर येऊन बाकड्यावर बसली. आजाराला नाव आहे या एका गोष्टीनं तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं स्वतःहून पापलेट तळले.

गोळ्या सुरू झाल्या, रोजचं चालणं सुरू झालं. थोडा फरक पडला, मग थांबला. वर्षभरानं त्याच डॉक्टरांनी मालाडच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथं फक्त जुनाट दुखण्याचेच रोगी बघत. डॉक्टर रश्मी म्हणून बाई होत्या, भूलतज्ज्ञ. विनिता आणि समीक्षाबरोबर सरूबाईही गेली. रिक्षातून उतरून तापलेल्या फरशांवरून ती पाय चटाचट उचलत चालली.

"केटामाइन म्हणून औषध आहे," रश्मीबाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या वेळी भुलीला वापरतात. त्याहून पुष्कळ कमी आपण सलाईनमधून हळूहळू देतो. पण आधीच सांगते, यानं आजार मुळासकट जात नाही. काहींना काही दिवस, काही आठवडे हलकं वाटतं. काहींना काहीच फरक पडत नाही. या आजारावर त्याचा अभ्यासही अजून पुरेसा झालेला नाही. बाकीच्या उपायांनी भागत नाही म्हणून विचार करायचा, एवढंच."

"त्रास काय होतो त्याचा?" समीक्षानं विचारलं.

"मळमळतं, रक्तदाब वाढतो, त्यासाठी आम्ही यंत्र लावून बसतो. आणि ते चालू असताना आपलं अंग आपलं नाही असं वाटतं. लांबून बघतोय असं. कधी काही दिसतं, ऐकू येतं. औषध उतरलं की तेही उतरतं. पण ज्यांना एरवीच तसं होतं त्यांना हे द्यायला मी धजत नाही. म्हणून विचारते, विनिताताई, तुम्हाला कधी काही भास होतात? भान जातं? आपल्या आत दुसरं कुणी आहे असं वाटतं?"

विनितानं तोंड उघडायच्या आत सरूबाई बोलली. नातीला शाळेत बक्षीस मिळालं की सांगायची त्याच सुरात बोलली.

"वाटतं म्हणजे काय बाय, हायच. हिच्या अंगात आमची देवी येते. दर पुनवेला. दोन वरसं झाली. गाव पाया पडतं हिच्या."

रश्मीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत, कपाळाला आठीही नाही. विनिताकडे वळून त्यांनी विचारलं, "त्या वेळचं तुम्हाला नंतर आठवतं का?"

खोलीत पंखा फिरत होता. समीक्षा आईकडे बघत होती. विनिता खाली बघत होती, आणि खाली टेबलाजवळ सरूबाईचे पाय होते.

"नाही आठवत," ती म्हणाली.

"मग आत्ता हे औषध नको," रश्मीबाई म्हणाल्या. "तुमच्या श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही. पण मनाच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

परतताना सरूबाई समाधानात होती. "आईनंच अडवलं बघ. परकं काय अंगात घालू द्यायची नाय ती."

समीक्षा रिक्षाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत बसली. घराशी उतरल्यावर आजी पुढे गेली तशी ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला आठवतं. मला माहितीये."

विनिता पदर सावरून सरूबाईच्या मागून घरात गेली. दुखण्याला नाव मिळालं, औषधाच्या दारापर्यंत पोचली, आणि दारातच पुन्हा खोटं बोलली. आता कुणाला सांगायचं?

पुढच्या आठवड्यात बाजारात सरूबाईच्या पायात शिंगाळ्याचा काटा घुसला. शिंगाळा म्हणजे मिशावाला मासा. मेला तरी त्याचा काटा जिवंत माणसाला लोळवतो, इतका ठणका. ज्याला लागलाय तोच जाणे. टाचेत खोलवर गेला. डॉक्टरनं काटा काढला, इंजेक्शन दिलं, गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलं. दुपारची वेळ, घरात दोघीच. सरूबाई मोरीच्या उंबऱ्यावर, पाय बादलीत. विनिता समोर बसून कढत पाणी थोडं थोडं ओतत होती. सरूबाईनं ओठ मिटून घेतले होते, पण मांडी आपोआप उडत होती.

"चपला घाल आता आत्ये," विनिता म्हणाली. "घाव भरेपर्यंत तरी घाल."

"आईची परीक्षा हाय ती. बोलले ते बोलले."

विनितानं तपेली खाली ठेवली. ती पाण्यातल्या त्या टाचेकडे बघत म्हणाली, "आईनं नाय सांगितलं आत्ये. मी हूं म्हटलं. मला दुखत होतं, तू बोलायची थांबावीस म्हणून हूं म्हटलं. मला सगळं आठवतं."

सरूबाईनं बादलीची कड धरली. मग तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी? पालखीत?"

"त्या दिवशीचं मला ठाव नाय. नंतरचं ठाव हाय."

"सगळ्या वेळा?"

"सगळ्या."

सरूबाईनं पाय बादलीतून काढला. विनिता फडकं घेऊन पुढे झाली तर ते तिच्या हातातून काढून घेऊन स्वतः पुसला. भिंत धरत देव्हाऱ्यापाशी गेली आणि पाठमोरी बसून राहिली. विनिताला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती बादलीतलं पाणी मोरीत ओतून तिथंच बसली.

सरूबाई ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त बोलेनाशी झाली. विनितानं मालाडच्या बाजारातून तिच्यासाठी मऊ तळाच्या चपला आणून दाराशी ठेवल्या. दिवसभर त्या तिथंच राहिल्या. संध्याकाळी सरूबाईला लंगडत, अनवाणीच बाहेर पडताना पाहून विनिताला राहवलं नाही.

"आता कशाला आत्ये? मी सांगितलं ना तुला."

"तू कोण मधी?" सरूबाई म्हणाली. "मी शब्द दिला तो आईला दिला. तू खोटी असशील. मी खरीच बोलले होते."



पुनव आली. ओटीचं ताट घेऊन बायका दारात जमल्या, पुढे सुलक्षणा. विनिता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आता सरूबाई काय सांगणार? माझ्या सुनेनं गावाला फसवलं, हेच ना? आणि ते खरंच होतं.

"आज काय नाय," सरूबाईचा आवाज आला. "हिला बरं नाय."

"मग आई कधी येणार सरूबाई?"

"यायचं तेव्हा येईल. पालखीतून येईल, देवळात हायच. ही माणूस हाय, हिला दुखतं. आजार हाय मोठा. मीच पाटावर बसवली हिला, माझी चूक झाली."

"अगं पण आम्ही नारळ आणलेत."

"मग देवळात जाऊन फोड. रस्ता ठाव हाय ना तुला?"

बायका कुजबुजत गेल्या. विनितानं पदर तोंडात धरला. चूक सरूबाईनं आपल्या अंगावर घेतली होती, गावासमोर, जिथं तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता. त्या दिवसाइतकी लाज विनिताला आधी कधी वाटली नव्हती.

मनाच्या डॉक्टरांकडे समीक्षा घेऊन गेली. त्यांनी विनिताशी दोनदा निवांत बोलून रश्मीबाईंना औषधाला हरकत नाही असं कळवलं. पुन्हा मालाडला जायच्या दिवशी विनिता उपाशीपोटी तयार होऊन बाहेर आली, तर सरूबाई लुगडं नेसून दारात उभी. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

रश्मीबाईंसमोर ती खुर्चीवर बसली नाही.

"बाय, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "देवी नाय येत हिच्या अंगात. शिंगाळ्याचा काटा लागला की कसं दुखतं, ते या पायानं मी आता बघितलं. हिला तसं सगळीकडं दुखतं. काटा दिसत नाय, म्हणून आम्ही कुणी काढायला गेलो नाय. एवढंच."

विनितानं मान वर केली नाही.

आतल्या खोलीत बाहेरच्या पायानं जायची बंदी होती. परिचारिका दर्शनानं सरूबाईपुढे दवाखान्याच्या रबरी चपला ठेवल्या. "आजी, या घाला आणि बसा त्यांच्याजवळ."

"मला नाय चालत," सरूबाई म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. दर्शनाला काय समजायचं ते समजलं. तिनं दाराची एक फळी उघडी ठेवली.

सुई टोचली. छातीला तारा, बोटाला चिमटा. औषध थेंबाथेंबानं उतरायला लागलं. थोड्या वेळानं छताचे चौकोन लांब गेले. विनिताला वाटलं, दोर सुटलेली होडी ओहोटीबरोबर खाडीतून जाते तशी आपण चाललोय, आणि किनाऱ्यावर खाटेवर कुणी बाई झोपलीये. ती घाबरली. देवीचं नाव घ्यावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं घ्यायचं? तिनं ते घेतलं नाही. उघड्या फळीतून सरूबाईच्या लुगड्याचा काठ आणि पायांची बोटं दिसत होती, कधी जवळ, कधी फार लांब. ती तेवढीच बघत राहिली.

मग एकदा लक्षात आलं की दुखणं आहे, पण बाजूला आहे. पाटी डोक्यावरून उतरवून शेजारी ठेवावी तसं. पुन्हा उचलावी लागणार हेही तिला त्या गुंगीत कळत होतं. पण मान मोकळी होती.

औषध उतरल्यावर तिला बरंच बसवून ठेवलं. मळमळत होतं, जमीन स्थिर नव्हती. किती दिवस टिकेल, टिकेल की नाही, हे रश्मीबाई आजही सांगू शकत नव्हत्या. रिक्षा बघायला समीक्षा खाली गेली. दर्शनानं धरून विनिताला बाहेरच्या बाकड्यावर आणून बसवलं. तिच्या चपला समोर होत्या, पण खाली वाकलं की डोकं गरगरायचं. पायानंच ओढायला गेली तर चपला लांब सरकल्या.

सरूबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून ती विनितापुढं खाली बसली, दुखऱ्या टाचेवरचा भार चुकवत. तिनं एक चपल ओढून घेतली आणि विनिताचा घोटा हातात धरला.

"आत्ये, नको," विनिता म्हणाली. पाय मागे घ्यायला गेली, पण पायात जोर नव्हता. "पाय नको धरू माझे. आता तरी नको."

सरूबाईची पकड टब सरकवणाऱ्या हाताची. सुटली नाही. तिनं चपलेचा पट्टा बोटांतून नीट वर सारला.

"पाय वर कर गो," ती म्हणाली. "रिक्षा आली खाली."